जागीरदार, गजानन

(२ एप्रिल १९०७ – १३ ऑगस्ट १९८८). मराठी व हिंदी चित्रपटांतील ख्यातनाम चरित्र-अभिनेते, दिग्दर्शक आणि अभिनयकलेचे शिक्षक. जन्म अमरावती येथे. हौशी रंगभूमीवरून ते बोलपटाच्या आरंभकाळात चित्रपटसृष्टीत आले आणि सुमारे अर्धशतक तिच्याशी निगडित राहिले. शेजारी (हिंदी आवृत्ती पडोसी, १९४१) या चित्रपटातील मिर्झा व रामशास्त्री (१९४४) या चित्रपटातील शीर्षकभूमिका यांवर त्यांची कीर्ती प्रामुख्याने अधिष्ठित आहे. पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटचे ते पहिले प्रमुख होत. रंगभूमीच्या पल्लेदार वाणीत वाढलेल्या मराठी अभिनयाला कॅमेरा व ध्वनिग्राहक यांच्यापुढे जे संयमित रूप आले, ते घडविणाऱ्या नटांत जागीरदार यांची गणना होते. अभिनय ही केवळ उपजत देणगी नसून ती अभ्यासाने साध्य होणारी विद्या आहे, या भूमिकेचे ते एक प्रमुख प्रतिनिधी होते.

वऱ्हाडची पार्श्वभूमी : जागीरदार यांचा जन्म झाला, त्या वेळी वऱ्हाड प्रांत मध्य प्रांताशी जोडला जाऊन अवघी चार वर्षे झाली होती. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा मुलूख १९०३ मध्ये मध्य प्रांताला प्रशासनाच्या दृष्टीने जोडण्यात आला. नाममात्र सत्ता मात्र निजामाचीच राहिली. त्याआधी अचलपूर (एलिचपूर) ही इमादशाहीची राजधानी होती. या दीर्घ इतिहासामुळे वऱ्हाडातील शहरांत व कसब्यांत मराठीच्या बरोबरीने उर्दूही सहज कानी पडत असे. जागीरदार यांनी पुढे ज्या भूमिकांमध्ये लौकिक मिळविला, त्यांपैकी काही उर्दूभाषक मुसलमान व्यक्तिरेखांच्या आहेत, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

या प्रांताच्या सांस्कृतिक जीवनाला आर्थिक बैठक होती ती कापसाची. १८६७ मध्ये भुसावळ-अकोला-बडनेरामार्गे लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळात भारतीय कापसाला आलेली तेजी ओसरली, तरी वऱ्हाडचा कापूस व्यापार टिकून राहिला. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अकोट-तेल्हारा परिसरापासून अकोला, खामगाव व अमरावती या बाजारपेठांपर्यंतचा पट्टा या व्यापारावर उभा राहिला. व्यापारी, वकील व सरकारी नोकर यांचा नवा नागरी वर्ग या पेठांतून निर्माण झाला. फिरत्या नाटक मंडळ्यांना आश्रय देणारा प्रेक्षकवर्ग तो हाच. खेडोपाडी दंडार, भारुडे, कीर्तने व तमाशा यांची परंपरा होतीच. शहरांतील प्रेक्षक मात्र संगीत नाटकांकडे व गद्य नाटकांच्या आवेशपूर्ण भाषणांकडे ओढला गेला.

नाट्यलेखनाच्या क्षेत्रातही वऱ्हाडचा वाटा मोठा आहे. विनोदाचे व स्वतंत्र कथानकाच्या नाटकांचे प्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांचे वास्तव्य वकिलीच्या निमित्ताने खामगाव व जळगाव-जामोद येथे होते; यांपैकी जळगाव-जामोद हे तेल्हाऱ्याच्या पश्चिमेस त्याच सातपुडा-पायथ्याच्या पट्ट्यात वसले आहे. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांनी राक्षसी महत्त्वाकांक्षा व रणदुंदुभि यांसारखी नाटके लिहून रंगभूमीला राजकीय जागृतीचे साधन बनविले. लोकमान्य टिळकांचे सहकारी व अमरावतीचे पुढारी दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) हेही नाट्यरसिक म्हणून ओळखले जात. वकिली, राजकारण व नाटक या तिन्ही क्षेत्रांत वाणीच्या प्रभुत्वाला महत्त्व होते आणि ही तिन्ही क्षेत्रे अमरावतीत एकमेकांना लागून होती. जागीरदार ज्या शहरात जन्मले, त्याचे वातावरण असे होते.

या शहराने मराठी चित्रपटाला आणखी एक महत्त्वाची व्यक्ती दिली. रणांगण या कादंबरीचे लेखक, नाटककार व चित्रपटदिग्दर्शक विश्राम बेडेकर (१९०६–१९९८) यांचा जन्मही अमरावती येथेच, जागीरदार यांच्या जन्मापूर्वी अवघे काही महिने आधी झाला. जागीरदार यांच्या कारकीर्दीतील शेजारी व रामशास्त्री या दोन्ही महत्त्वाच्या चित्रपटांशी बेडेकरांचा निकटचा संबंध आहे.

रंगभूमी व बोलपट : जागीरदार तरुण वयात हौशी रंगभूमीकडे वळले, त्या काळात मराठी नाटकाचा अभिनय दोन दिशांनी ओढला जात होता. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी (१८६७–१९२२) यांच्यासारख्या नटांनी शेक्सपिअरच्या रूपांतरित नाटकांत वाणीचे सामर्थ्य सिद्ध केले होते. मोठ्या नाट्यगृहात, ध्वनिवर्धकाशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविणे ही नटाची पहिली परीक्षा असे. त्यामुळे स्वर चढा, हातवारे मोठे व वाक्ये लयबद्ध असत. दुसरीकडे इब्सेनच्या प्रभावाखाली वास्तववादी नाटकाची हाक येऊ लागली होती. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने रंगभूमीवर आणलेल्या आंधळ्यांची शाळा या नाटकाने ती हाक प्रत्यक्षात उतरविली. त्यातील केशवराव दाते यांचा स्वाभाविक अभिनय हा पुढील पिढीस आदर्श वाटला. याच केशवराव दात्यांसमवेत जागीरदार यांनी पुढे शेजारी चित्रपटात भूमिका केली.

१४ मार्च १९३१ रोजी आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत प्रदर्शित झाला. पुढील वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा (१९३२) हा मराठी बोलपट आला. प्रभातची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापूर येथे व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांनी केली होती. १९३३ मध्ये ती पुण्यास हलविण्यात आली. बोलपटाने मूकपटातील अनेक नटांचे भवितव्य संपविले आणि नाटक मंडळ्यांतील नटांना नवे दार उघडून दिले. परंतु रंगभूमीवरील नटाला हे संक्रमण सोपे नव्हते. ध्वनिग्राहकाला चढा स्वर सोसत नसे आणि जवळून घेतलेल्या चित्रणात रंगभूमीवरचे हातवारे विपरीत दिसत. जी वाक्ये नाट्यगृहात टाळ्या मिळवीत, तीच पडद्यावर कृत्रिम ठरत.

याखेरीज व्यवसायाची एक वेगळी अट होती. प्रभातसारख्या संस्था एकच चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन आवृत्त्यांत तयार करीत. एकाच नेपथ्यात एक दृश्य आधी एका भाषेत व मग दुसऱ्या भाषेत चित्रित होई. दोन्ही आवृत्त्यांत काम करावयाचे, तर नटाला दोन्ही भाषांचे उच्चार शुद्ध असणे व दोन्ही भाषांतील भावाभिव्यक्तीचे भिन्न वळण सांभाळता येणे आवश्यक होते. जागीरदार यांच्या ठिकाणी ही पात्रता होती.

दिग्दर्शक म्हणूनही त्यांनी याच दशकात काम सुरू केले. सिंहासन (१९३४), होनहार (१९३६), बेगुनाह (१९३७) व मैं हारी (१९४०) हे त्यांच्या आरंभीच्या दिग्दर्शित चित्रपटांपैकी होत. पडद्याच्या पुढे व मागे अशा दोन्ही बाजूंनी चित्रपट समजून घेण्याची ही सवय त्यांच्या पुढील सर्व कामात दिसते. दृश्याची रचना, कॅमेऱ्याचे अंतर व संवादाचा वेग यांचा विचार करूनच ते भूमिका उभी करीत.

शेजारी (१९४१) : व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची कथा विश्राम बेडेकर यांची आहे. एका खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी म्हणून नांदणारी एक हिंदू व एक मुसलमान अशी दोन कुटुंबे आहेत. दोघे कुटुंबप्रमुख जिवलग मित्र आहेत. गावाजवळ धरण बांधण्यासाठी जमीन हवी असलेला उद्योजक गावात येतो. गाव एकजुटीने विरोध करते, तेव्हा तो या दोन कुटुंबांत व त्यांच्यामागे उभ्या असलेल्या दोन समाजांत वैर पेरतो. मैत्री तुटते, गाव दुभंगते. अखेरीस धरण फुटते व त्या प्रलयात हे दोन्ही मित्र एकमेकांचे हात धरून मृत्यूला सामोरे जातात.

या कथेचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. १९४० च्या मार्च महिन्यात लाहोर येथे मुस्लिम लीगने स्वतंत्र राष्ट्राची मागणी करणारा ठराव संमत केला होता. देशभर दोन समाजांतील अंतर वाढत होते. अशा वेळी प्रभातने पात्रयोजनेतून एक अर्थपूर्ण संकेत केला. पडोसी या हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकुराची भूमिका मझहर खान या मुसलमान नटाने केली व मुसलमान मिर्झाची भूमिका जागीरदार यांनी केली. शेजारी या मराठी आवृत्तीत हिंदू मित्राच्या भूमिकेत केशवराव दाते होते व मिर्झाच्या भूमिकेत जागीरदारच होते. म्हणजे दोन्ही भाषांतील प्रेक्षकांपुढे एकच मिर्झा उभा राहिला.

तत्पूर्वी मराठी रंगभूमीवर मुसलमान पात्रे अनेक येऊन गेली होती; परंतु ऐतिहासिक नाटकांच्या परंपरेत ती पुष्कळदा शत्रुपक्षाची, ठरावीक उच्चारांची व ठरावीक हावभावांची असत. जागीरदार यांनी रंगविलेला मिर्झा हा या साच्यातून पूर्णपणे सुटलेला आहे. तो शेतकरी आहे, बाप आहे व शेजारी आहे. त्याचा धर्म त्याच्या वागण्यात सहजपणे मिसळलेला आहे, वेगळा काढून दाखविलेला नाही. त्याचा राग हा दुखावलेल्या मित्राचा राग आहे. त्यामुळे मैत्री तुटते तेव्हा प्रेक्षकाला एका समाजाने दुसऱ्या समाजावर केलेला आघात जाणवत नाही, तर एका माणसाने दुसऱ्या माणसाला गमावल्याचे दुःख जाणवते. चित्रपटाचा सारा आशय या एका जाणिवेवर तोललेला होता आणि ती निर्माण करण्याची जबाबदारी मुख्यतः दोन नटांवर होती. सहा वर्षांनी देशाची फाळणी झाली. त्यानंतर या चित्रपटातील अखेरच्या दृश्याला वेगळाच अर्थ प्राप्त झाला.

अत्रे यांच्या संस्थेतील कार्य : याच सुमारास जागीरदार यांनी प्रल्हाद केशव अत्रे यांच्या चित्रसंस्थेसाठी दोन चित्रपट दिग्दर्शित केले. पायाची दासी (हिंदी आवृत्ती चरणों की दासी, १९४१) हा सुनेच्या छळावरील सामाजिक चित्रपट होता. त्यात दुर्गा खोटे यांनी सासूची व वनमाला यांनी सुनेची भूमिका केली. दुर्गाबाईंना तोपर्यंत नायिका म्हणून ख्याती लाभली होती. अशा अभिनेत्रीने करारी सासूची भूमिका करणे हे त्या काळी धाडसाचे होते. कौटुंबिक अन्यायाचा विषय रडगाण्यात न बुडविता तो हाताळण्याची दिग्दर्शकाची दृष्टी या चित्रपटात दिसून येते. वसंतसेना (१९४२) हा चित्रपट शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकावर आधारित होता. देवलांच्या मृच्छकटिक नाटकामुळे ही कथा मराठी प्रेक्षकांच्या परिचयाची होती. रंगभूमीवर रुजलेली कथा पडद्याच्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न होता.

रामशास्त्री (१९४४) : जागीरदार यांच्या कारकीर्दीचा हा कळस मानला जातो. व्ही. शांताराम १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले व त्यांनी राजकमल कलामंदिर ही स्वतंत्र संस्था काढली. संस्थापकांपैकी प्रमुख दिग्दर्शक निघून गेल्यावर प्रभात टिकेल काय, असा प्रश्न निर्माण झाला. दुसऱ्या महायुद्धामुळे कच्च्या फिल्मच्या पुरवठ्यावर सरकारी नियंत्रण आले होते. अशा परिस्थितीत संस्थेने हाती घेतलेल्या या ऐतिहासिक चित्रपटाच्या दिग्दर्शनाशी राजा नेने, विश्राम बेडेकर व गजानन जागीरदार अशी तीन नावे निगडित आहेत. पटकथा शिवराम वाशीकर यांची असून संत तुकाराम (१९३६) व संत ज्ञानेश्वर (१९४०) या प्रभातच्या चित्रपटांचे लेखनही त्यांचेच होते. बाल रामशास्त्रीच्या भूमिकेत अनंत मराठे, बालवधूच्या भूमिकेत बेबी शकुंतला व आनंदीबाईच्या भूमिकेत ललिता पवार होत्या. प्रौढ रामशास्त्री जागीरदार यांनी साकार केले.

चित्रपटाचा विषय असलेले रामशास्त्री प्रभुणे (सु. १७२०–१७८९) हे मूळचे साताऱ्याजवळच्या माहुली गावचे. आख्यायिकेनुसार, ते तरुणपणी साताऱ्यातील अनगळ सावकाराच्या घरी शागीर्द असताना त्यांचा विद्येवरून अपमान झाला व त्यांनी काशीस जाऊन शास्त्राध्ययन केले. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या सेवेत आले व १७५९ मध्ये न्यायाधीशपदी नियुक्त झाले. पेशवे थोरले माधवराव धर्मकृत्यांत अधिक काळ रमू लागले, तेव्हा प्रजापालन हाच राजाचा धर्म असल्याची स्पष्ट जाणीव शास्त्र्यांनी त्यांना करून दिली, असे परंपरा सांगते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पेशवे नारायणराव यांचा खून झाला. या प्रकरणात रघुनाथराव दोषी असल्याचे आढळल्यावर रामशास्त्र्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि त्यांच्या राज्यात न्यायाधीश म्हणून राहण्याचे नाकारून पुणे सोडले. बारभाईंच्या कारभारात त्यांना सन्मानाने परत बोलाविण्यात आले.

मराठी मनात रामशास्त्र्यांचे स्थान निःस्पृह न्यायाधीश म्हणून दृढ असल्याने, ही भूमिका नटाला सोपी वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तीच तिची अडचण आहे. सर्वांना आधीच वंदनीय असलेला पुरुष रंगवताना नट सहज प्रवचनकार बनतो. रघुनाथरावासमोरचा प्रसंग रंगभूमीवर असता, तर तेथे दीर्घ व गर्जनायुक्त भाषण अपेक्षित झाले असते. जागीरदार यांनी या भूमिकेत आवाजाची पट्टी आवरती ठेवली. शास्त्र्यांचे सामर्थ्य त्यांनी स्वरात न ठेवता स्थैर्यात ठेवले : नजर, विराम व शब्दांतील तोल यांमधून. निर्णय देणारा माणूस संतापलेला नाही, हे प्रेक्षकाच्या लक्षात येते व त्यामुळेच निर्णयाची भीती वाटते. न्याय हा सत्ताधीशाविरुद्धचा उद्रेक नसून शास्त्राने व पुराव्याने बांधलेली कृती आहे, ही गोष्ट अभिनयातून सांगितली गेली.

परकीय सत्तेखाली असलेल्या प्रेक्षकांना १९४४ मध्ये या कथेत वर्तमानकाळही दिसला असला पाहिजे. १९४२ च्या आंदोलनातील अनेक पुढारी त्या वेळी तुरुंगात होते व वृत्तपत्रे आणि चित्रपट यांवर सरकारी नजर होती. अशा काळात, राज्यकर्त्याला त्याच्याच न्यायासनावरून दोषी ठरविणारा न्यायाधीश पडद्यावर पाहणे हा केवळ इतिहासाचा अनुभव नव्हता. मात्र चित्रपटाने यासाठी इतिहासाला कोठेही घोषणेचे रूप दिले नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय. शांताराम यांच्या निर्गमनानंतरच्या प्रभातच्या चित्रपटांत रामशास्त्री हा सर्वांत महत्त्वाचा मानला जातो.

उत्तरकालीन चित्रपट : प्रभातनंतरच्या काळात जागीरदार यांनी बैराम खान (१९४६) व जेल यात्रा (१९४७) हे हिंदी चित्रपट दिग्दर्शित केले. पहिल्याचा नायक बालवयीन अकबराचा पालक व सेनानी आहे, तर दुसऱ्यात राज कपूर व कामिनी कौशल यांच्या भूमिका होत्या. स्वातंत्र्योत्तर काळात मराठी चित्रपटाची बाजारपेठ संकोचली; द्विभाषिक आवृत्त्यांची पद्धत मागे पडली व हिंदी चित्रपट नायक-नायिकांच्या लोकप्रियतेभोवती फिरू लागला. अभ्यासू चरित्र-अभिनेत्याला त्यात दुय्यम जागा उरली. हे स्थित्यंतर जागीरदार यांनी तक्रार न करता स्वीकारले, असे त्यांच्या नंतरच्या कामावरून दिसते.

मराठीत त्यांनी दिग्दर्शित केलेला वैजयंता (१९६१) हा चित्रपट अण्णाभाऊ साठे यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारित असून त्यात जयश्री गडकर यांची प्रमुख भूमिका आहे. तमाशातील कलावतीचे जीवन हा त्याचा विषय होय. तमाशापटांची लाट ऐन भरात असताना साहित्यकृतीच्या आधारे तमाशा कलावतीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मांडणारा चित्रपट म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

हिंदी चित्रपटांत त्यांनी अनेक चरित्रभूमिका केल्या. हम दोनो (१९६१) या चित्रपटात ते नायिकेचे वडील होते. विजय आनंद दिग्दर्शित गाइड (१९६५) या आर. के. नारायण यांच्या कादंबरीवरील चित्रपटात त्यांनी भोला या ग्रामस्थाची भूमिका केली. तुरुंगातून सुटून आलेल्या नायकाला साधू समजून त्याच्यावर श्रद्धा ठेवणारा हा साधा खेडूत आहे. कथेचा सारा उत्तरार्ध या श्रद्धेवर उभा असल्यामुळे, भूमिका लहान असूनही ती खरी वाटणे अनिवार्य होते. मुझफ्फर अली यांच्या उमराव जान (१९८१) या चित्रपटात त्यांनी कोठ्यावर आणलेल्या मुलीला विद्या शिकविणाऱ्या मौलवीची भूमिका केली. मिर्झा हादी रुस्वा यांच्या उर्दू कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटातील मौलवी व चाळीस वर्षांपूर्वीचा मिर्झा या दोन भूमिका एकत्र ठेवल्या असता, दुसऱ्या धर्माच्या व भाषेच्या माणसाला आतून समजून घेण्याची त्यांची वृत्ती किती सातत्याची होती, हे लक्षात येते.

फिल्म इन्स्टिट्यूट : स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. तिने १९५१ मध्ये सादर केलेल्या अहवालात चित्रपटविषयक शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था असावी, अशी शिफारस केली. त्यानुसार १९६० मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रालयाने पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना केली. तोपर्यंत प्रभातचा कारभार संपुष्टात आला होता. तिच्याच चित्रनगरीच्या आवारात ही नवी संस्था सुरू झाली. जागीरदार यांनी १९६१–६२ मध्ये तिची धुरा सांभाळली.

ही निवड अनेक दृष्टींनी उचित होती. ज्या आवारात एकेकाळी वीस वर्षे कला ही उमेदवारीने, हाताखाली राहून, पाहून-पाहून शिकली जात होती, तेथेच आता तिचे पद्धतशीर शिक्षण द्यावयाचे होते. प्रभातमध्ये छायाचित्रक, ध्वनिमुद्रक, संकलक व दिग्दर्शक घडले ते वर्गात नव्हे, तर प्रत्यक्ष कामावर. अशा व्यवस्थेचे गुण जागीरदार यांना माहीत होते. त्याचप्रमाणे तिच्या मर्यादाही त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. उमेदवारीच्या पद्धतीत शिक्षण हे मालकाच्या मर्जीवर, घराण्यावर किंवा ओळखीवर अवलंबून असे. सरकारी संस्थेमुळे कोणत्याही प्रांतातील, कोणत्याही घरातील तरुणाला प्रवेशपरीक्षेद्वारे या विद्येचे दार उघडणार होते. मॉस्कोत १९१९ पासून अशी चित्रपटशाळा अस्तित्वात होती. भारतात मात्र ही कल्पना नवी होती व चित्रपटव्यवसायातील अनेकांना ती अनावश्यक वाटत होती.

अभिनयाच्या शिक्षणाविषयी हा आक्षेप अधिक तीव्र होता. नट जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही, असा समज रूढ होता. संस्थेत अभिनयाचा अभ्यासक्रम जागीरदार यांच्या कार्यकालानंतर, १९६३ मध्ये रोशन तनेजा यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाला. जया भादुरी, शबाना आझमी, नसिरुद्दीन शाह व ओम पुरी यांसारखे विद्यार्थी पुढे तेथून बाहेर पडले. मध्यंतरी तो काही वर्षे बंदही होता. अभिनय शिकविता येतो काय, हा वाद त्यावरून दिसतो तितका जुना व चिवट आहे. १९७० नंतरच्या दशकात चित्रवाणी विभागाची जोड मिळून संस्थेचे नाव फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया असे झाले.

जागीरदार यांचे या वादातील उत्तर ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. अभिनय कसा करावा या त्यांच्या पुस्तकाचे नावच त्यांची भूमिका स्पष्ट करते : प्रश्न अभिनय म्हणजे काय, असा नसून तो कसा करावा, असा आहे. पाऊलखुणा हे त्यांचे आत्मचरित्र होय. मराठीत नटांची आत्मचरित्रे पुष्कळ आहेत. अभिनयाच्या तंत्राची चर्चा करणारी व नवोदितांना उपयोगी पडणारी पुस्तके त्या मानाने अल्प आहेत. स्वतः नट असलेल्या लेखकाने लिहिलेले म्हणून या पुस्तकाचे महत्त्व आहे.

अखेरची वर्षे : दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर वयाच्या उत्तरार्धातही जागीरदार यांनी नव्या माध्यमाचा स्वीकार केला. रणजित देसाई यांच्या स्वामी (१९६२) या थोरल्या माधवरावांवरील कादंबरीवर आधारित मालिकेचे दिग्दर्शन त्यांनी दूरदर्शनसाठी केले. त्यात रवींद्र मंकणी यांनी माधवरावांची व मृणाल देव यांनी रमाबाईंची भूमिका केली. रामशास्त्री चित्रपटातील पेशवाईचा काळ व माणसे अशा प्रकारे, सुमारे चार दशकांनंतर, त्यांच्या हाताखाली पुन्हा उभी राहिली. या वेळी ती महाराष्ट्रातील घराघरांतील पडद्यावर आली. १३ ऑगस्ट १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन : जागीरदार यांच्या नावावर लोकप्रिय नायकाची कीर्ती नाही व एखाद्या स्वतंत्र चित्रसंस्थेचे स्थापकत्वही नाही. त्यामुळे प्रभातच्या इतिहासात त्यांचे नाव शांताराम, दामले-फत्तेलाल यांच्या मागोमाग येते आणि हिंदी चित्रपटाच्या इतिहासात ते पुष्कळदा चरित्र-अभिनेत्यांच्या यादीपुरते राहते. त्यांच्या कार्याचे खरे स्वरूप मात्र तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. पहिली, रंगभूमीच्या वक्तृत्वप्रधान परंपरेतून आलेला अभिनय त्यांनी पडद्यासाठी संयमित केला, तरी उच्चारशुद्धी व भाषेची जाण हा त्या परंपरेचा गाभा सोडला नाही. दुसरी, मिर्झा व रामशास्त्री या भूमिकांद्वारे त्यांनी आपल्या काळाचे दोन अत्यंत कठीण प्रश्न, म्हणजे शेजारधर्म व सत्तेपुढचा न्याय, उपदेशाचा आधार न घेता प्रेक्षकांपुढे ठेवले. तिसरी, स्वतः मिळविलेली कला त्यांनी खाजगी मालमत्ता न मानता ती शिकविण्याजोगी व सर्वांना खुली असावी, यासाठी संस्था व लेखन या दोन्ही मार्गांनी प्रयत्न केला.

वऱ्हाडच्या दृष्टीने पाहता, जागीरदार व बेडेकर यांच्यासारखे कलावंत चित्रपटासाठी पुण्या-मुंबईकडे गेले, हे खरे आहे. वऱ्हाडात कापसाची बाजारपेठ व नाटकांचा प्रेक्षक होता, परंतु चित्रनिर्मितीचे साहित्य, भांडवल व चित्रगृहांचे जाळे यांचे केंद्र पश्चिम महाराष्ट्रात होते. अमरावती-अकोल्याच्या मातीतील बहुभाषिक शेजार, सार्वजनिक वाणीचा आदर व नाटकाची आवड यांचा वारसा मात्र त्यांच्या कामात टिकून राहिला.